गावाची शहाणी बाई

मी चोपलेली जमीन ते माझ्या डोळ्यांदेखत धूत होते.

गोमूत्राची घागर आणली होती. दोघं जण ओणवे होऊन आंब्याच्या डहाळीनं शिंपडत होते आणि मागून पाणी सारत होते. भोरहून आलेले शास्त्रीबुवा उंबऱ्याशी उभे राहून सांगत होते, तो कोपरा राहिला, खांबाच्या मागं राहिलं. मी चिंचेखाली उभी होते. आमचा सगळा महारवाडा चिंचेखालीच उभा होता. तिथून पुढं यायचं नाही हे कोणी सांगायची गरज नव्हती.

जमीन धुऊन झाली. मग ते पिंडीकडं वळले.

महादेवाची नवी पिंड. काळी, गुळगुळीत. देवळाचं काम चालू होतं तोवर ती बाजूच्या मांडवात पेंढ्यावर ठेवलेली होती. आता चौघांनी उचलून ती पाटावर ठेवली. शास्त्रीबुवा म्हणाले, "हिला मजुरांचे हात लागलेत. त्यांच्या पोरांचेही लागलेत असं कळतं. आधी ती शुद्धी करू, मग पुढचं."

पोरांचे म्हणजे माझ्या भागीचे. दुसरं कोणाचं पोर तिथं नव्हतं.

भागी श्रावणात गेली होती. आता मार्गशीर्ष होता.

त्यांनी पिंडीवर पाणी ओतलं. राख चोळली. पुन्हा पाणी ओतलं. मग शेण, मग दूध, मग परत पाणी. एक जण अंगठ्यानं खाच घासत होता. मी बघत होते. लोक मला नंतर म्हणायचे, तवा तुला लई राग आला आसंल. नाही आला. रडूही आलं नाही. अंगावर ओलं गोणपाट टाकल्यासारखं झालं होतं. दिसत होतं, ऐकू येत होतं, आत काही पोचत नव्हतं. पाणी पाटावरून खाली येत होतं, देवळाच्या पायरीवरून उतरून मातीत जात होतं. तेवढं मी बघितलं.

मग देव बसला. घंटा वाजली. आरती झाली. आरती झाल्यावर पाटील पायरीवर आले आणि म्हणाले, "येसकराची कुठं हाय? म्होरं ये."

मी पुढं गेले. पायरीपासून लांबच थांबले. पाटलांनी सगळ्या गावाकडं बघून सांगितलं, "जमिनीचं काम ह्या बाईनं केलंय. आता धुवून घेतली तर हूं का चूं न्हाई. अशी शानी बाई समद्या मावळात मिळायची न्हाई. पायरी वळखून ऱ्हाती."

आणि वरून लुगडं टाकलं. मी पदर पसरला. लुगडं पदरात पडलं. मी मान खाली घालून "जोहार मायबाप" म्हणाले. माणसं म्हणाली, शाबास. बायकासुद्धा म्हणाल्या.

आणि मला बरं वाटलं.

हे मी मुद्दाम सांगते. हे न सांगता पुढचं सांगण्यात अर्थ नाही. त्या एवढ्या बधिर अंगात ती शाबासकी तेवढी आत गेली. थंडीत कोणी पेटलेली काटकी पुढं करावी तशी.

आमचं गाव मार्गासनीच्या वरच्या अंगाला, भोर संस्थानातलं. समोर राजगड. भाताची खाचरं, वर वरई-नाचणी, त्याच्या वर गवत आणि रान. माझे मालक गावचे येसकर. गावची राखण, गावचा निरोप, गावात मेलेलं जनावर ओढून नेणं, सगळं आमच्याकडं. बदल्यात खळ्यावरचं भात आणि दारोदारची भाकरी. भाकरी मागायला मी जायचे. वाड्यांच्या दारात लांबून हाक घालायची, "यस्कराला भाकर वाढा वो माय." वरून टाकायचे. कधी पदरात पडायची, कधी मातीत. मातीत पडली तर झटकून घ्यायची.

देवळाचं काम निघालं तेव्हा गावानं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. पुरुष दगड वाहायचे. बायका मुरूम, चुना. गाभारा आणि मंडप यांची जमीन चोपायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा हात सारखा पडतो असं गवंडी म्हणाला. गाभाऱ्यात उकिडवं बसून मी दिवस दिवस चोपणं मारलंय. चारही बाजूंनी थंड भिंती आणि मधे मी. तेव्हा कोणी मला बाहेर हो म्हणालं नाही.

भागीला मी बरोबर न्यायचे. नुकती चालायला लागून बोलायला लागलेली. उन्हाळा होता. ती त्या मांडवात जायची आणि पिंडीला गाल लावून झोपायची. दगड गार असतो ना. पाटील एकदा तिकडून गेले. मी घाबरून उठले, पोरीला उचलायला धावले. पाटील हसले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. देव बसला न्हाई तवर दगूडच हाय त्यो."

मग ती रोज झोपायची. डोकं पेंढ्यावर, गाल पिंडीवर. कधी पिंडीशी बोलत बसायची. आपलं पोरांचं बोलणं. "जेवला का? पानी पायजे?" मी आतून ऐकायचे. मी स्वतः देवाशी कधी बोलले नव्हते. देवाशी बोलायचं ते लांबून, कोणामार्फत, असंच मला माहीत होतं. ती सरळ बोलत होती.

पावसाळा लागला तसं काम थांबलं. मांडवाला कूड घातला आणि दाराला बाभळीची काटी लावली. श्रावणात भागीला ताप चढला. अंग नुसतं तव्यासारखं. वैदकी करणारी म्हातारी येऊन गेली, पाला वाटून दिला. ताप उतरेना. भागी म्हणायला लागली, "आये, गार दगूड." दुसरं काही मागत नव्हती. पाणी दिलं तर तोंड फिरवायची. "गार दगूड."

मी पाटलांकडं गेले. पाऊस धरलेला होता. ओसरीखाली चिखलात उभी राहिले आणि म्हणाले, "पाटील, पोरीला वाईच मांडवात नेऊ का? दगडाला गाल लावती नि झोपती. लगीच घेऊन येती."

पाटील ओरडले नाहीत. ओरडले असते तर निदान मी काही बोलले असते. ते मऊ आवाजात म्हणाले, "आता न्हाई बाई. आता म्हूर्त धरलाय, शास्त्रीबुवांना सांगावा गेलाय. तू काय बाकीच्यांवानी हायीस का? तू शानी. तुला समजतंय."

मी परत आले. नदीतला एक गोटा आणला आणि तिच्या गालाखाली ठेवला. तिनं तो हातानं ढकलला.

ती गेली त्याला पाऊस कारण, ताप कारण. दगडानं ताप उतरला असता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ती ज्याला रोज जेवला का विचारायची, त्याच्याकडं तिला नेता आलं नाही. आणि नेता का आलं नाही, तर मी शहाणी होते.

देव बसल्यानंतरची वर्षं अशीच गेली. भागीनंतर मूल झालं नाही. मी गावात शहाणी बाई म्हणून राहिले. त्या शहाणपणाला भाव होता. खळ्यावर मला आधी वाढायचे. पाटलीणबाई सणाला पोळी घालायच्या ती अख्खी घालायच्या. महारवाड्यातली दुसरी कोणी बाई वरच्या पाणवठ्याजवळून गेली, तर तिला माझं नाव घेऊन बोलायचे. "त्या येसकरणीकडं बघ, कशी ऱ्हाती." त्या बाया माझ्याशी फार बोलत नसत. मी आले की जात्यावरच्या ओव्या थांबायच्या.

दर सोमवारी मी चिंचेखाली जाऊन उभी राहायचे. आरती होईपर्यंत. तिथून पिंड दिसत नाही. दाराचा अंधार दिसतो आणि अंधारात दिवा. मी हात जोडायचे. माणसं देवळातून उतरायची, म्हणायची, "आली का गं? एक सोमवार चुकत न्हाई बघा ही." ते ऐकलं की मी घरी जायचे.

एक दिवस आरती झाली आणि पाऊस आला म्हणून माणसं पलीकडच्या बाजूनं पळाली. मला कोणी बघितलं नाही. मी घरी आले आणि मला चुकल्यासारखं होत राहिलं. भाकरी थापताना, धुणं धुताना. मग मला कळलं की मी देवाला बघायला जातच नव्हते. माणसं मला बघतायत का, हे बघायला जात होते. भागी गेल्यापासून देवाशी एक अक्षर बोलले नव्हते. नुसते हात जोडत होते. हातांचं काय, ते गावाला दिसतात.

हे कळून मी काही केलं नाही. पुढच्या सोमवारी परत गेले. कळलं म्हणजे लगेच सुटतं असं नसतं.

मग गणपत आला. गणपत माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. मुंबईला गिरणीत होता. त्याच्याबरोबर आणखी दोघंतिघं पोरं होती. त्यांनी महारवाड्यात बैठक घेतली. मेलेलं ढोर ओढायचं नाही. भाकरी मागायची नाही. आणि देवळात जायचं. देवळाबद्दल त्यांनी वर भोरला अर्ज केला. गावात एकच गलका झाला. कोणी म्हणालं मुडदे पडतील. शेवटी भोरहून निरोप आला, मामलेदार साहेब गावात येऊन दोन्ही बाजू ऐकणार.

पाटलांनी मला बोलावलं. दुपारची वेळ होती. ह्या वेळी त्यांनी मला ओसरीच्या अगदी कडेशी उभं राहू दिलं. पाटलीणबाईंनी वरून ओंजळीत पाणी घातलं. मी प्याले.

पाटील म्हणाले, "हे बघ. पोरं चार दिस येत्यात, बोलत्यात, जात्यात. आपल्याला हितं ऱ्हायाचं हाय. सायेब तुला इचारतील. तू एवढंच म्हण, आमाला देवळात जायाचं न्हाई, आमचा देव चिंचंखाली. तू म्हणालीस की मिटलं. तुज्या शब्दाला गावात वजन हाय."

माझ्या शब्दाला वजन. तो शब्द मी तोवर गावात उच्चारलाच नव्हता. जोहार सोडून.

"लोक काय म्हंत्यात ठावं हाय का?" पाटील म्हणाले. "म्हंत्यात, महारवाड्यात एकच माणूस हाय, ती येसकरीण."

पूर्वी हे ऐकून मला ऊब आली असती. त्या दिवशी मी वाट बघितली. नाही आली. ओसरीवरचा पाट दिसत होता. तांब्या दिसत होता. पाटलांच्या करगोट्याची गाठ दिसत होती. सगळं लांब.

घरी मालक म्हणाले, "पाटील सांगत्यात तसं म्हण. आपल्याला हितंच मरायचं हाय." गणपत दारात उभा होता. त्यानं ऐकलं. तो आत आला नाही. एवढंच म्हणाला, "काकी, तू काय बी म्हण. पर तुजं म्हण."

मामलेदार साहेब आले त्या दिवशी चावडीसमोर सगळं गाव होतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला आम्ही, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. साहेब खुर्चीवर. वयानं फार नव्हते. आधी पाटील बोलले. मग गणपत बोलला. मग पाटील म्हणाले, "सायेब, ही पोरं मुंबईची. गावच्या महारांचं काय म्हणणं हाय ते त्यांच्यातल्याच शान्या बाईला इचारा."

मला पुढं बोलावलं. मी मधल्या जागेत जाऊन उभी राहिले.

साहेबांनी विचारलं, "बाई, घाबरू नका. तुम्हाला देवळात जायची इच्छा आहे का?"

तुम्हाला म्हणाले. ते शास्त्रीबुवांसारखंच शुद्ध बोलत होते. मी एकदा पाटलांकडं बघितलं. ते मान हलवत होते, लहान पोराला धीर द्यावा तशी. बघून मला काही वाटलं नाही. पूर्वी कुठल्याही चेहऱ्याकडं बघितलं की आधी माझं मलाच कळायचं, हा खूश आहे की नाराज. त्या दिवशी नुसता चेहरा दिसला. मिशा, नाक, गंध.

मी म्हणाले, "सायेब, म्या त्या देवळात जाऊन आलीया."

गावात चुळबूळ झाली. पाटील उठायला लागले. साहेबांनी हात केला.

"कधी?"

"देव बसायच्या आदी. गाभाऱ्याची जमीन म्याच चोपलीया. माजी लेक पिंडीला गाल लावून झोपायची. पाटलांनीच झोपू दिली. म्हणाले, दगूडच हाय. ती आजारी पडली, तिनं त्योच दगूड मागितला. तवा न्हाई म्हणाले. ती मेली. मग त्यांनी पिंड धुतली. राख लावून धुतली. माज्या लेकीचा गाल लागला व्हता म्हणून."

मी रडत नव्हते. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकू येत होता, सपाट.

साहेब म्हणाले, "मग आता तुमचं म्हणणं काय?"

"माजं गावाकडं म्हणणं न्हाई. माजं देवाकडं हाय. मला त्याला एक इचारायचंय. तुला धुतला तवा तुला कसं वाटलं, एवढंच. त्ये म्या त्याच्या म्होरं जाऊन इचारीन. पाटलांना इचारून न्हाई इचारायची."

पाटील म्हणाले, "हिला पोरांनी पढवलंय."

मी म्हणाले, "पढवलं तुमी व्हतं. आमचा देव चिंचंखाली म्हण, म्हणून. चिंचंखाली देव न्हाई. चिंचंखाली म्या उबी असती."

एवढंच बोलले. मग मी परत आमच्या बाजूला गेले आणि खाली बसले. शेजारी बसलेली बाई थोडी सरकली. आधी वाटलं लांब सरकली. नंतर समजलं, मला टेकायला जागा केली होती.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि घोड्यावर बसून गेले. त्याचं पुढं काही झालं नाही. निकाल आला नाही. देवळाच्या दाराला मात्र कुलूप आलं, जे आधी कधी नव्हतं.

गावानं आमच्यावर बंदी घातली. काम नाही, गवत नाही, रानातली काटकी नाही. वाण्यानं मीठसुद्धा देणं बंद केलं. मिठासाठी नसरापूरच्या बाजारला चालत जायचं. मालकांची येसकरी काढून घेतली. ते दारात बसून राहायचे, काठी आडवी गुडघ्यावर ठेवून, आणि माझ्याशी बोलायचे नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. खळ्यावरून भात आलं नाही. आम्ही कंद उकडून खाल्ले. वाड्यातल्या एका म्हातारीला खोकला होता, ती त्या थंडीत गेली. तिच्या सुनेनं मला काही म्हटलं नाही. तिनं काही म्हणावं म्हणून मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले होते.

त्याच सुमारास गणपत आणि त्याच्या माणसांनी बाजारगावी सभा घेतली. मला घेऊन गेले. फळ्या टाकून मंच केला होता. मला वर चढवलं. गणपतनं सांगितलं, ही ती बाई जी मामलेदारापुढं बोलली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. झेंडूचा हार घातला. समोर आमचेच लोक, लांब लांबच्या गावांचे, डोक्याला मुंडाशी, उन्हात बसलेले. टाळ्या थांबेनात. बायका उठून बघत होत्या. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "माय, तू देवी हायीस."

आणि माझ्या अंगात ती ऊब आली.

मी ओळखली ती. तीच होती. लुगडं पदरात पडलं तेव्हाची. माणसं वेगळी, शब्द वेगळे, ही माणसं माझी आणि खरी. ह्यांनी मला काही टाकून दिलं नव्हतं, गळ्यात घातलं होतं. तरी आत जिथं जाऊन ती बसली ती जागा तीच. मला एकदम भीती वाटली. पाटलांची वाटली नव्हती एवढी. मला वाटलं, आता मी ह्यांच्यासाठी बोलत राहीन. ह्यांना आवडेल ते. दर सभेला भागीला बाहेर काढीन, तिचा गाल दाखवीन आणि टाळ्या घेईन.

मी हार काढला आणि फळीवर ठेवला. गणपत म्हणाला, "काकी, दोन शब्द बोल की."

मी म्हणाले, "गणपत, ढोर ओढायचं न्हाई ह्यात म्या तुज्या संगं हाय. भाकर मागायची न्हाई ह्यात हाय. मार खायला बोलव, येईन. टाळ्या खायला नगं बोलवूस."

त्याला वाईट वाटलं असेल. पण तो समजूतदार पोरगा. त्यानं मला हाताला धरून खाली उतरवलं आणि मी खाली माणसांत जाऊन बसले. नंतर तो मुंबईला गेला. गिरणी कोणासाठी थांबत नाही.

त्यानंतर मी पलीकडच्या गावच्या शिवारात गवत कापायला जायला लागले. तिथं बंदी नव्हती. उभा डोंगर, कमरेएवढं गवत, खाली नदी, माणूस नाही. तिथं कापता कापता मी पहिल्यांदा देवाशी बोलले. तोंडानं, आवाज काढून. सरळ तू म्हणून. भागी बोलायची तसं येईना. मी म्हणाले, "म्या आलीया." मग परत गवत कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी विचारलं. तुला धुतला तवा कसं वाटलं. पोर तुज्याकडं यायला बघत व्हती, तुला ठावं व्हतं का. ठावं व्हतं तर त्या काटीच्या दाराआड काय करत व्हतास. हे सगळं विचारलं. विळा हातात होता. उत्तर आलं नाही. वारा सुटला, ढग आले, असलं काही झालं नाही. गवताचा भारा बांधला आणि घरी आले.

मी रोज विचारते. एक गोष्ट मला कळली, ती ही की तिथं मला कोणी बघत नाही, आणि तरी मी जाते. कोणी न बघता मी आयुष्यात केलेली ती पहिली गोष्ट. देव तिथं आहे का, मी सांगू शकत नाही. पण मी तिथं आहे. चिंचेखाली मी नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाटील आले. स्वतः आले, महारवाड्याच्या कडेला. गावातली जनावरं रोगानं पडत होती. ओढायला कोणी नव्हतं. वास सुटला होता. पाटलांनी उपरण्यानं नाक धरलं होतं. मालक उठून उभे राहिले. मी भात कांडत होते, कोणाकडून तरी आलेलं मूठभर. कांडत राहिले.

पाटील म्हणाले, "झालं गेलं नदीला मिळालं. बंदी उठवतो. येसकरी परत देतो. तू एकदा चावडीवर येऊन म्हण, बोलण्यात चुकलं. एवढंच."

मी मुसळ थांबवलं.

"गाव अजून तुला वाईट म्हणत न्हाई," ते म्हणाले. "म्हंत्यात, बाई शानी, पोरांनी बिघडवली. एका शब्दात समदं पयल्यावानी हुईल."

मालक माझ्याकडं बघत होते. गालाची हाडं वर आली होती त्यांची. त्यांना भूक होती. मला होती. सगळ्या वाड्याला होती. वाड्यातल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यातली एकही मान हलली नाही. ना हो म्हणायला, ना नाही म्हणायला. त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हणाले, "पाटील, मला शानी म्हणू नका."

"आगं, चांगलंच म्हणतोय."

"चांगली बी म्हणू नका. वाईट बी म्हणू नका. त्यो तुमचा इषय न्हाई. आन् म्या चुकलीया असं म्या म्हणणार न्हाई."

पाटलांनी मालकांकडं बघितलं. "तू सांग की तिला."

मालकांनी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "तिची ती बोलती. म्या काय सांगू." आणि खाली बसले.

पाटील गेले. बंदी उठली नाही. ढोरं कुजली. शेवटी गावातल्याच माणसांनी तोंडाला फडकी बांधून ती ओढली. देवळाला कुलूप आहे. त्या दारात मी जाणार आहे, ते उघडेल त्या दिवशी किंवा आमची पोरं ते तोडतील त्या दिवशी, आणि गेल्यावर मागं वळून कोणाचा चेहरा बघणार नाही. ना गावाचा, ना सभेचा. मालक अजून कमीच बोलतात. भूक जात नाही. भागी परत येत नाही. यातलं काहीही बदललेलं नाही आणि मी आता कोणाला सांगतही नाही की बदलेल.

माझं एवढंच ठरलंय. मी चांगली का वाईट, हे सांगायचा हक्क मी एकालाच दिलाय. तो अजून बोललेला नाही. तो बोलेपर्यंत दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही.